दोन जास्तीच्या रेघा

हॅलो? … हां मानसी, बोल! बरं झालं तूच केलास, मी तुलाच लावत होते, एंगेज येत होता. ऐक, हर्षददादा निघाला का? … निघाला? टेम्पो घेऊन? … अरे यार! आणि हमाल? … चार?

मानसी, थांबव त्याला.

थांबव म्हणजे थांबव! मागे फिरव मानखुर्दला. लेथ नाही द्यायचं. … नाही गं, मस्करी नाही. आईशप्पथ. … हो, माहितीये त्याने वर्कशॉपमध्ये जागा केलीय. … बोल्ट पण गाडले? जमिनीत? … सॉरी. … अगं सॉरी म्हटलं ना! हजारदा सॉरी. पण आधी त्याला फोन कर.

… उचलत नाही म्हणजे? … गाडी चालवताना उचलतच नाही? अगं पण बाजूला कोणीतरी हमाल बसला असेल ना, त्याच्या… नंबर नाही. झालं. वाट लागली.

बरं, लोकेशन? त्याने तुला लोकेशन टाकलं असेल ना? बघ ना कुठे आहे. … स्पीकरवर टाक आणि बघ. … छेडानगर? आणि रस्ता कसा दाखवतोय? … लाल? मस्त! लालच राहू दे. देवा, आज एक दिवस तिथलं ट्रॅफिक सोडवू नकोस.

… अगं सांगते, सांगते, ओरडू नकोस! हो, मीच परवापर्यंत म्हणत होते, घेऊन जा एकदाचं, आईचे हाल बघवत नाहीत. मीच म्हटलं होतं. पण काल सकाळपासून आमच्या गॅलरीत जे झालंय ना… थांब हां, स्वयंपाकघरात जाते. आई गॅलरीत आहे, तिला ऐकू जायला नको. … हां. आले. तू बसलीयस का? … बस.

तुला माहितीये ना, आई अंधेरीला त्या कारखान्यात टर्नर होती, लेथवर लोखंड-पितळ कातायची. … हो, आयटीआयच्या बॅचमध्ये एकटी मुलगी. तुला पण ऐकवलं ना तिने? सगळ्यांना ऐकवते. तर तीस वर्षं एकाच मशीनवर. कंपनी बंद झाली तेव्हा बाकीच्यांनी काय काय मागितलं, हिने काय मागितलं? तिचं लेथ! मुलुंडला आमच्या तळमजल्याच्या गॅलरीत आणून बसवलं. बाबांची आरामखुर्ची तिथली, ती गेली बेडरूममध्ये. बाबा म्हणाले, लग्नात सवत नव्हती, ती आता आली.

… हो गं, मुद्द्यावर येते. तर मार्चमध्ये तिची साठी केली आपण. तू तो केक आणलास, शिरा आवडतो तिला तर शिऱ्याचाच केक. मी मशीनला नवीन स्क्रू बसवून दिला. … अगं तोच, लांबलचक लोखंडी, तू म्हणालीस हे कसलं गिफ्ट. हां. ते लक्षात ठेव, नंतर येणार आहे.

तर त्या साठीनंतर आईचे जॉब, म्हणजे मशीनवरची कामं, बिघडायला लागले. त्या सुगंधाताई नाहीत का, खारदांड्याच्या? त्यांच्या बोटीवर जाळं ओढायची पुली आहे, एवढी जाड. तिच्यात पितळेचे दोन बुश बसतात, दोन बाजूंनी दोन. … बुश म्हणजे… जाड नळी समज. आखूड. पुलीच्या भोकात घट्ट बसायला पाहिजे. अंगठ्याने दाबलं की हळूहळू आत सरकली पाहिजे आणि पुली उलटी केली तरी पडता कामा नये. आई असले बुश गप्पा मारता मारता करायची. तिने एक केला, पुलीत घातला, उलटी केली… टण्ण! सरळ फरशीवर. दुसरा केला, टण्ण. तिसरा, टण्ण! अगं तो आवाज म्हणजे ना… बाबा आत पेपर वाचत असायचे. टण्ण झालं की पानाचा आवाज बंद. आई बुश उचलायची, डब्यात टाकायची, मशीन पुसून ठेवायची.

आणि नेमका त्याच वेळी मोतीबिंदू निघाला. … हो, एका डोळ्याचं झालं ऑपरेशन. लांबचं झकास दिसतं तिला. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणी कुठली साडी वाळत घातलीय ते सांगते. पण मशीनच्या हँडलवर गोल पट्टी असते ना, तिच्यावर रेघा असतात, केसासारख्या. हँडल एक रेघ फिरवलं की कापणारं टूल एवढूसं पुढे जातं. … एवढूसं म्हणजे मिलिमीटरचे वीस भाग कर, त्यातला एक. त्या रेघा भिंगातून पण धड दिसेनात. जाडी मोजायचा मायक्रोमीटर तर सोडूनच दे. मी म्हटलं, आई, मी वाचून दाखवते ना. तर काय म्हणाली? “माका दुसऱ्याच्या डोळ्यांनी काम करूचा नाय.” मालवणी सुरू झाली की समजायचं, विषय संपला.

मग एक दिवस जेवताना सांगून टाकलं. “माझो हात गेलो.” डोळे म्हणाली नाही, मानसी. हात. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दादाला स्वतः फोन लावला, रविवारी दुपारी ये आणि घेऊन जा. आम्हाला नंतर कळलं.

… हो ना. मला पण रडू आलं होतं. पण मी इलेक्ट्रॉनिक्सवाली ना! मी म्हटलं, रेघा दिसत नाहीत तर आकडे दाखवू. पोळीएवढे मोठे.

ऐक, ही गंमत ऐक. ते डिजिटल कॅलिपर मिळतात ना ऑनलाइन, स्वस्तातले? पकडीसारखे, खिडकीत आकडा दिसतो? प्लास्टिकच्या डबीत येतात, बटणसेल असतो. मी काय केलं, एक मागवला आणि त्याचे दात कापले. … अगं जबडे! वस्तू पकडायचे जबडे. ते नकोच ना आपल्याला, आपल्याला फक्त त्याची पट्टी आणि सरकणारी डबी पाहिजे. हॅक्सॉ करवतीने कापायला गेले, ब्लेड बोथट, जबड्यावर ओरखडा नाही! एवढं कडक. शेवटी ग्राइंडर. काल सकाळी गॅलरीत नुसती दिवाळी. बाबा बाजूला पाण्याचा मग घेऊन, दर दोन मिनिटांनी ओततायत, तापलं की आतलं सर्किट जाईल म्हणून. वरून दुसऱ्या मजल्यावरच्या नलिनीकाकू ओरडल्या, काय जळतंय? बाबा म्हणाले, काही नाही, भाकरी.

… हो, भाकरी! लोखंडाचा वास येतोय आणि भाकरी!

मग कॅलिपरची पट्टी मशीनच्या टूल धरणाऱ्या सरकत्या भागाला बसवली आणि डबी खालच्या न हलणाऱ्या भागाला. अॅल्युमिनियमच्या एल-पट्ट्या, दोन-दोन स्क्रू. म्हणजे हँडल फिरवलं, टूल पुढे गेलं, तर किती गेलं ते कॅलिपरच सांगणार. पण खिडकी केवढीशी! मग डबीवर एक बारीकसं झाकण असतं, ते काढलं की आत चार पितळी ठिपके. तिथून आकडा बाहेर काढता येतो. चार वायरी सोल्डर केल्या, एक छोटा बोर्ड लावला आणि आपला तो जुना टॅब, काच तडकलेला… हां तोच, तू बसली होतीस त्याच्यावर… तो भिंतीला टांगला. ब्लूटूथने आकडा टॅबवर! एवढा मोठा! गॅलरीच्या दारातून वाचता येतो.

… थँक्यू, थँक्यू. पण थांब, अजून टाळ्या नको. आता खरी वाट लागते.

टेम्पो कुठाय? … अजून तिथेच? गुड. … सरकला थोडा? किती? … ठीक आहे, विक्रोळीच्या अलीकडे आहे ना. पटपट सांगते.

तर काल संध्याकाळी आईला उभं केलं मशीनसमोर. हो-नाही, हो-नाही, शेवटी ॲप्रन घातला. तो निळा, कंपनीचा. तीन मिलिमीटर आत जायचं होतं. हँडल फिरवतेय, टॅबवर आकडा पळतोय, दोन पॉइंट पन्नास, ऐंशी, तीन! बरोबर तीन शून्य शून्य. आई म्हणाली, “झाला.” इतकं गोड हसली यार. काप घेतला, बुश सोडवला, पुलीत घातला, पुली उलटी केली…

टण्ण.

… हो ना गं! चौथा! मी मेलेच. आई टॅबकडे बघून म्हणाली, “तुजा ह्या घड्याळ खोटा बोलता.” ॲप्रन काढला, खुंटीला लावला, गेली आत. जेवली पण नाही नीट.

… अगं तेच! मला पण वाटलं, स्वस्तातलं ते स्वस्तातलंच. पण मग मी चारही बुश मोजले. आणि मानसी, ऐक हां. चारही बुश तेवढेच सैल. अगदी तेवढेच! पॉइंट दोन मिलिमीटर. आता तू सांग, कोणाचा हात गेला असेल तर तो कधी जास्त चुकेल, कधी कमी चुकेल ना? सारखंच चुकायला तर उलट हात पक्का लागतो!

… एक्झॅक्टली! बँकेत असून तुला कळलं बघ.

मग आज सकाळी मी कालचा रेकॉर्ड काढला. टॅबवर सगळे आकडे साठतात. बघते तर काय, तीन शून्य शून्यवर थांबलं, आई “झाला” म्हणाली, त्यानंतर आकडा आपोआप गेलाय तीन पॉइंट दहा! आम्ही कोणी बघितलंच नव्हतं, आईच्या तोंडाकडे बघत होतो सगळे. आणि इकडून पॉइंट एक जास्त आत म्हणजे गोल फिरताना सगळीकडून पॉइंट एक, म्हणजे जाडीत पॉइंट दोन. हिशोब जुळला!

पण गेला कसा? मला वाटलं मोटर. या स्वस्त कॅलिपरना मोटर सुरू झाली की अंगात येतं, आकडे नाचतात. म्हणून अर्थिंगची वायर जोडली. बाबांना म्हटलं फिरवा. तीनवर थांबले, आकडा तीनच. मग मी फिरवलं. तीनच. मोटर चालू, मोटर बंद, नवीन सेल, जुना सेल, तीन म्हणजे तीन. मग आईला हाक मारली, आई, फक्त एकदा हँडल फिरव, काही कापायचं नाहीये. ती आली, तोंड फुगवून. फिरवलं. तीन. “झाला,” म्हणाली. आणि तीन पॉइंट दहा!

मोटर बंद होती, मानसी! पंखासुद्धा बंद होता!

मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे. आई आत गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, “ती शेवटी अंगठ्याच्या मागच्या बाजूने जरासं ढकलते गं. चकली पाडून झाल्यावर सोऱ्याला शेवटचा हात देतात ना, तसं.” पण तिला स्वतःला माहितीच नाही! झालं म्हणते आणि ढकलते. दोन रेघा. दर वेळी दोन.

का? हाच तर प्रश्न. का ढकलते? … नाही, सवय म्हणजे कसली सवय, आधी तर बुश बरोबर यायचे ना!

तर मी बसले जमिनीवर, मशीनच्या पायाशी. आणि समोर काय, माळ्यावर ठेवायला काढलेला जुना स्क्रू. वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

… हां. आता लक्षात आलं? मी जो बदलला तो. हँडल फिरवलं की टूलला पुढे ढकलणारा. त्याच्यावरून बोट फिरवलं तर मधोमध झिजलेला, आटे पातळ झालेले. तीस वर्षं तिथेच चाललंय ना सगळं काम. म्हणजे रेघेप्रमाणे हँडल फिरवलं तरी टूल तेवढं पुढे जायचंच नाही. दोन रेघा कमी पडायचं. आणि आईच्या हाताने काय केलं, दर वेळी दोन रेघा जास्त दिल्या. तिने नाही गं, हाताने! तिला न विचारता! हळूहळू झिजत गेला तसा हात शिकत गेला. आणि मी काय केलं? साठीला नवाकोरा स्क्रू बसवला. मशीन सरळ झालं, हात वाकडाच राहिला. आणि डोळे गेले म्हणून मोजता येईना, नाहीतर पहिल्याच दिवशी पकडलं असतं तिने.

म्हणजे मानसी, आईचा हात नाही गेला. सात महिने ती रोज स्वतःला म्हणतेय हात गेला, हात गेला, आणि केलंय मी. माझ्या गिफ्टने.

… नाही ना, नाही सांगितलं. कसं सांगू? आई, तू सात महिने झुरलीस ते माझ्यामुळे? … हो, मला माहितीये सांगायला पाहिजे. पण टेम्पो येणार होता! म्हणून मी एक जुगाड केलं. … वाईट नाही गं. म्हणजे… थोडं.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली. आता टॅबवर तीन दिसतं ना, तेव्हा खरं असतं दोन पॉइंट नव्वद. आई तीनवर थांबते, “झाला” म्हणते, दोन रेघा ढकलते, खरं तीन होतं. आणि आकडा तिथेच गोठवला, म्हणजे तिला नंतरची उडी दिसायलाच नको.

… भारी आहे ना? तासाभरापूर्वी तिने पाचवा बुश केला. पुलीत घातला. अंगठ्याने दाबला, हळूहळू, हळूहळू आत. पुली उलटी केली. नाही पडला! बाबांनी टाळ्याच वाजवल्या. आई किती वेळ पुली तशीच उलटी धरून उभी. वीस किलोची पुली गं! मग मला म्हणाली, हर्षदला नाही सांग. म्हणून तर मी तुला फोन…

कुठाय तो? … ऐरोलीच्या सिग्नलला? पोचलाच की यार! तिकडून आत वळला की नवघर रोड पाच मिनिटं.

… नाही, मग काय, नाही सांगायचंच तिला. कशाला? ती खूश, मी खूश. दोन रेघा तिच्या हातात, दोन रेघा माझ्या प्रोग्रॅममध्ये, वजा होतात, संपलं. आयुष्यभर कळणार नाही तिला की टॅब खोटं दाख…

…

आई.

… नाही, मानसी, तुला नाही. आई… तू कधीपासून उभी आहेस?

… आई, पाणी पाहिजे होतं का? मी देते, थांब… 

… हो. … हो, स्क्रूमुळेच. … मार्चपासून. … मला आज कळलं गं, खरंच आज. मी सांगणारच होते…

… हॅलो, मानसी, आहेस ना? ठेवू नकोस. ठेवू नकोस प्लीज. आई हात बघतेय स्वतःचा. उजवा. उलटा करून, सुलटा करून…

… काय? आई, परत बोल.

मानसी, आई काय म्हणाली ऐकलंस? म्हणाली, “तू स्क्रू बदललंस ता बरा केलंस. मी हात बदलूक इसरलंय.” … हसतेय! अगं हसतेय ती! मी इथे रडतेय आणि ती हसतेय!

… हो आई. … पण आई, कशाला? बसला ना बुश! … बरं. बरं, काढते. ओरडू नकोस.

मानसी, ती म्हणतेय ती ओळ काढ, प्रोग्रॅममधली. “मशीनाक खोटा शिकव नको. हाताक मी शिकवतंय.” चालली गॅलरीत. ॲप्रन घातला. मी पण जातेय, लॅपटॉप तिथेच आहे. फोन चालू ठेव हां, तू कुठे जाऊ नकोस.

… हां, काढली ओळ. टाकतेय बोर्डवर. आता टॅबवर जे दिसेल ते खरं, ढकललं तर ढकललेलं पण दिसेल. आई, झालं. … काय? नाही, आई, असं नको ना!

मानसी, ती म्हणतेय दुसऱ्या बाजूचा बुश राहिलाय. पितळ एवढंच उरलंय, एकच तुकडा, फक्त शेवटचा काप बाकी. तो बसला तर मशीन इथे राहील, नाही बसला तर दादा घेऊन जाईल. शब्द दिलाय म्हणते. … अगं मी काय सांगू तिला, तूच सांग! … हो, देते. आई, मानसी बोलतेय, घे. … नाही घेत. “फोन ठेव नको, तिका पण ऐकांदे.”

थांब, आधी नुसतं हँडल फिरवून बघतेय. मोटर बंद. … दोन पन्नास… ऐंशी… नव्वद… तीन. “झाला.” आणि… 

तीन दहा.

… हो, परत. तिने स्वतः बघितलं ह्या वेळी. टॅबकडे बघून म्हणाली, “मेल्या!” … टॅबला नाही गं, हाताला!

परत फिरवतेय. … तीन. … तीन पॉइंट शून्य पाच. एक रेघ! एकच ढकलली! बाबा एक बोट दाखवतायत. आई म्हणतेय गप बसा.

… काय? गेटवर? अरे देवा, हॉर्न ऐकू आला. आला दादा. बाबा, तुम्ही जा ना बाहेर, काहीतरी बोला त्याच्याशी! … मानसी, बाबा गेले. बाबांना बोलता येतं का काही? त्याला पण भाकरी म्हणून सांगतील.

… हां, तिसऱ्यांदा. ऐंशी… नव्वद… तीन. “झाला.” आणि… मानसी, तिने हात काढला आणि खिशात घातला! ॲप्रनच्या खिशात! आकडा तीन. तीनच आहे. … हो, अजून तीनच.

दादा आला. दारात उभाय. … बाबांनी तोंडावर बोट ठेवलंय. मागे चारही हमाल. पट्टे खांद्यावर टाकून. सगळे गॅलरीच्या दारात, पायातल्या चपला काढून! अगं देवळात आल्यासारखे उभे आहेत.

आई तिकडे बघत पण नाहीये. मोटर चालू करतेय. ऐकू येतंय? … हां, घुंऽऽ तोच. मी हळू बोलते आता.

टूल आत घेतेय. … दोन. … दोन पन्नास. … आकडा नाचत नाहीये, अर्थिंग मस्त लागलंय. … ऐंशी. … पंच्याण्णव. … 

तीन.

हात खिशात.

… तीन. तीनच, मानसी. “झाला” म्हणाली पण नाही ह्या वेळी. काप घेतेय. पितळेची सळसळ येतेय बघ, सोन्यासारखे कीस पडतायत खाली… 

… बंद केलं मशीन. सोडवतेय बुश. फडक्याने पुसला. … नाही, मोजायला दिला नाही. मी कॅलिपर पुढे केला, दुसरा, चांगला, तर बाजूला सारला. पुली घेतली. दादा धरायला पुढे आला, त्याला म्हणाली, “तू रव थयच.”

घातला तोंडाशी. अंगठा… दाबतेय. सरकतोय का? … सरकतोय. हळू… हळू… मध्ये थांबली… परत दाबतेय… गेला. आत गेला पूर्ण.

आता उलटी करणार. फोन जवळ नेते हां. फरशीपाशी धरते. ऐक. कान देऊन ऐक…

…

…

ऐकलंस?

काय ऐकू आलं? … काहीच नाही? … अगं तेच तर! काहीच नाही! मानसी, काहीच आवाज नाही आला! दोन्ही बुश आत! पुली उलटी आहे, ती हलवतेय, आई, पुरे, खांदा जाईल… नाही पडत! नाही पडत यार!

… हमाल टाळ्या वाजवतायत, तोच आवाज आहे. … दादा? दादा ना… थांब, त्याचं तोंड बघते. … हसतोय. डोकं खाजवतोय आणि हसतोय. आईच्या पाया पडला, अगं! … हो, त्याचे ते बोल्ट. आई, त्याने जमिनीत बोल्ट गाडलेत म्हणे! … ती म्हणतेय बोल्ट राहू देत, त्याला मशीन शोधून द्यायला ती स्वतः येणार आहे. आणि त्याच्या स्क्रूवरून आधी स्वतःचं बोट फिरवणार आहे.

… काय गं आई? … हां. मानसी, ऐक, आई म्हणतेय टेम्पो रिकामा कशाला जायला पाहिजे? ही पुली खारदांड्याला सुगंधाताईंकडे पोचवायची. आत्ताच. ती पण चाललीय बरोबर, पुढच्या सीटवर. … मानखुर्द कुठे, खारदांडा कुठे, ते तू सांग तिला, माझी हिंमत नाही. चार हमाल आणि एक पुली!

… बाबांनी काय केलं? बाबा आरामखुर्चीकडे बघतायत आणि लेथकडे बघतायत. … हो, बिचारे. राहिली सवत.

… नाही, आई रडत नाहीये. तू रडतेयस का? … मग नाक कोण ओढतंय?

… बरं ऐक, ठेवते आता. आठ जणांचा चहा टाकायचाय, घरात दूध अर्धा लिटर, आणि आई म्हणतेय जाण्याआधी सगळ्यांना दाखवायचंय, स्क्रू कुठे झिजलाय ते… काय, आई? … येते! … हो गं, जुना स्क्रू माळ्यावर नाही टाकत, तुझ्या हातात देते, थांब! … मानसी, ठेवते, हां? … हो, दादाला सांगते. … ठेवते!